जुन्या गाडीचे इंजिन फॉल्ट कोड साध्या साधनांनी वाचणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉल्ट कोड म्हणजे नेमके काय?

इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक, म्हणजे ईसीयू, बहुतेक सेन्सरांना ५ व्होल्टचा पुरवठा देतो आणि परत येणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान, हवेचा दाब किंवा थ्रॉटलची स्थिती ओळखतो. चालू स्थितीतल्या निरोगी सेन्सरचे व्होल्टेज सहसा शून्यालाही टेकत नाही आणि पूर्ण ५ व्होल्टपर्यंतही चढत नाही. ते टोकाला जाऊन तेथेच अडकले, किंवा इतर सेन्सरांच्या माहितीशी विसंगत वाटले, की ईसीयू त्या घटनेला नेमून दिलेला क्रमांक स्मृतीत नोंदवतो, चेक इंजिनचा दिवा लावतो आणि त्या सेन्सरऐवजी एक ठरावीक पर्यायी आकडा धरून इंजिन चालू ठेवतो. म्हणूनच दिवा लागूनही पुष्कळ गाड्या चालत राहतात, मात्र जास्त पेट्रोल पितात किंवा पिकअप गमावतात.

कोड म्हणजे ईसीयूची तक्रार आहे, रोगाचे निदान नव्हे, आणि या पानावरची बहुतेक उत्तरे याच फरकापाशी येऊन पोहोचतात.

माझ्या गाडीत असे कोड असतील का?

कार्ब्युरेटर असलेल्या आणि ईसीयू नसलेल्या गाडीत कोड नसतात. तरीही कार्ब्युरेटर दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी विकल्या गेलेल्या अनेक गाड्यांत ईसीयूच्या नियंत्रणाखालचे कार्ब्युरेटर होते आणि जनरल मोटर्सच्या तशा गाड्या १९८१ पासून कोड देतात. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःची तपासणी करण्याची सक्ती केली. त्या पहिल्या पिढीत प्रत्येक कंपनीचा सॉकेट, कोड आणि वाचण्याची रीत वेगळी होती. दुसरी पिढी, म्हणजे ओबीडी-२, अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली. युरोपात तिची भावंड असलेली पद्धत पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना त्यानंतर काही वर्षांनी लागू झाली.

स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या कडेला १६ पिनांचा, एक बाजू रुंद आणि एक अरुंद असलेला सॉकेट सापडला तर गाडी बहुधा दुसऱ्या पिढीची असते. येथे ‘बहुधा’ मुद्दाम म्हटले आहे, कारण १९९४-९५ च्या काही गाड्यांना सॉकेट नवा आणि आतली पद्धत जुनी अशी जोडी मिळालेली आहे. अशा वेळी बॉनेटखालच्या उत्सर्जनविषयक स्टिकरवर ओबीडी-२ असा उल्लेख आहे का, ते पाहावे.

कोणती साधने लागतात?

पहिल्या पिढीच्या गाडीसाठी दोन्ही टोके सोललेली किंवा टोकांना पिना लावलेली एक लहान जोडतार, विजेरी, कागद आणि पेन एवढ्यावर काम सुरू होते. जोडतारेऐवजी यू-पिन वापरण्याची चाल जुनी आहे आणि ती चालते, पण तिच्यावर आवरण नसल्यामुळे ती शेजारच्या पिनेला टेकण्याचा धोका राहतो. मल्टिमीटर मात्र जवळ हवाच, कारण कोड वाचून झाल्यावरचे खरे काम त्याच्यावरच होते. तो डिजिटल आणि १० मेगाओहम इनपुटचा असावा. फिलामेंटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प सेन्सरांच्या वायरींना कधीही लावू नये, कारण तो ओढत असलेला प्रवाह ईसीयूच्या नाजूक सर्किटांना सोसत नाही. दुसऱ्या पिढीसाठी एक साधा कोड रीडर लागतो. त्याला पर्याय नाही.

आणखी एक वस्तू म्हणजे त्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका. कोडांची यादी, सॉकेटची जागा आणि वायरींचे रंग तिच्यात असतात, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत एकाच क्रमांकाचे अर्थ भिन्न असू शकतात.

कोड वाचण्याआधी काही तपासावे का?

तीन गोष्टी तपासाव्यात, आणि त्या टाळून पुढे गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा परत येथेच यावे लागते. पहिली बॅटरी. विश्रांतीत असलेल्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. पडलेल्या व्होल्टेजवर ईसीयू खोटे कोड नोंदवतो.

दुसरी गोष्ट दिव्याची. इंजिन सुरू न करता चावी ‘ऑन’ केली की चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर बल्ब उडाला आहे, फ्यूज गेला आहे किंवा ईसीयूला पुरवठाच मिळत नाही, आणि त्या स्थितीत कोड मिळण्याची आशा नाही. विकण्यापूर्वी कोणीतरी तो बल्ब मुद्दाम काढून ठेवल्याची उदाहरणे जुन्या गाड्यांच्या जगात नवी नाहीत.

तिसरी गोष्ट अर्थची, म्हणजे इंजिनाचा धातू बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणाऱ्या जोडणीची. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या धातूला लावावे. इंजिन चालू आणि हेडलाइट लागलेले असताना तेथे ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी फरक दिसावा. अर्धा व्होल्ट दिसला तर सेन्सर बदलण्याचा विचार बाजूला ठेवून आधी अर्थची पट्टी काढावी, गंज घासावा आणि ती घट्ट बसवावी.

पहिल्या पिढीच्या गाडीकडून कोड कसे मिळवायचे?

तत्त्व बहुतेक ठिकाणी एकच आहे. तपासणीच्या सॉकेटमधल्या दोन ठरावीक पिना जोडल्या, चावी ‘ऑन’ केली आणि इंजिन बंदच ठेवले, की ईसीयू चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप करून क्रमांक सांगू लागतो. तपशील कंपनीगणिक बदलतात.

जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली १२ पिनांचा सॉकेट असतो आणि त्यातल्या ए व बी या पिना जोडायच्या असतात. दिवा प्रथम १२ हा कोड तीन वेळा दाखवतो. त्याचा अर्थ इंजिन फिरत नसल्याने इग्निशनचे स्पंद येत नाहीत एवढाच आहे, म्हणजे तो दोष नसून तपासणीयंत्रणा शुद्धीवर असल्याची खूण आहे. त्यानंतर साठलेला प्रत्येक कोड तीन-तीन वेळा येतो आणि पुन्हा १२ पासून फेरी सुरू होते.

टोयोटाच्या गाड्यांत बॉनेटखाली झाकण असलेली एक लहान पेटी असते आणि झाकणाच्या आत पिनांची नावे छापलेली असतात. तेथे टीई१ आणि ई१ या पिना जोडतात, तर अधिक जुन्या मॉडेलांत टी आणि ई१. थ्रॉटल पूर्ण बंद असावा, म्हणजे पेडलवर पाय नसावा. दोष नसेल तर दिवा एकसारख्या जलद लयीत लुकलुकत राहतो, आणि असेल तर दोन अंकी कोड लहान क्रमांकापासून मोठ्याकडे येतात.

होंडाच्या १९९० च्या दशकातल्या गाड्यांत चालकाशेजारच्या आसनापुढे डॅशबोर्डखाली दोन वायरींचा, कशालाही न जोडलेला कनेक्टर लोंबत असतो. त्याच्या दोन पिना जोडल्यावर लांब चमक दशकासाठी आणि आखूड चमक एककासाठी मोजावी. त्याआधीच्या मॉडेलांत दिवा ईसीयूच्या खोक्यावरच बसवलेला होता. निसाननेही अनेक गाड्यांत तसेच केले, पण तेथे लाल दिवा दशक आणि हिरवा एकक सांगतो.

क्रायस्लरने वायरीची कटकटच ठेवली नाही. चावी पाच सेकंदांच्या आत ऑन, ऑफ, ऑन, ऑफ, ऑन अशी फिरवली की कोड येऊ लागतात आणि ५५ आला की यादी संपली असे समजावे. अमेरिकेसाठी बनलेल्या काही बीएमडब्ल्यू गाड्यांत चावी ऑन करून अ‍ॅक्सिलरेटर पाच वेळा तळापर्यंत दाबावा लागतो आणि १४४४ म्हणजे दोष नाही. व्होल्वोने तर बॉनेटखाली एक पेटी, तिच्यावर एक बटण आणि एक दिवा दिला. त्यात १-१-१ म्हणजे सर्व ठीक. सोयीच्या बाबतीत माझे मत व्होल्वोच्या पारड्यात पडेल.

येथे नाव नसलेल्या गाडीच्या पिना अंदाजाने जोडू नयेत. त्याच सॉकेटमध्ये बॅटरीचा थेट पुरवठा किंवा पेट्रोल पंपाची वायरही असू शकते.

उघडझाप मोजताना चूक होते. काय करावे?

चूक सर्वांची होते, कारण आपण चमक मोजतो आणि विराम मोजायला विसरतो. टोयोटाचे उदाहरण घ्या. तेथे दोन अंकांच्या मध्ये सुमारे दीड सेकंद, दोन कोडांच्या मध्ये सुमारे अडीच सेकंद आणि यादी पुन्हा सुरू होण्यापूर्वी सुमारे साडेचार सेकंदांचा विराम असतो. हा फरक नजरेत बसला नाही, तर २४ नंतर येणारा ३१ मिळून ‘२, ४३, १’ असे काहीतरी कागदावर उतरते. पहिल्या फेरीत काहीच लिहू नये, फक्त लय ऐकावी तशी पाहावी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक चमकेसाठी एक उभी रेघ आणि विरामासाठी मोकळी जागा सोडावी, आणि तिसऱ्या फेरीत पडताळा घ्यावा. मोबाइलवर चित्रण करून सावकाश मोजणे हा त्याहून सोपा मार्ग आहे.

यादीत नसलेला क्रमांक आला, तर गाडीत चमत्कारिक दोष आहे असे मानण्याआधी आपली मोजणी चुकली असे मानावे.

दिवा नसलेल्या गाड्यांत व्होल्टमीटरचा काटा वापरतात, तो कसा?

फोर्डच्या १९८० च्या दशकातल्या ईईसी-४ पद्धतीत आणि मित्सुबिशी व ह्युंदाईच्या काही गाड्यांत कोड व्होल्टेजच्या स्पंदांच्या रूपाने बाहेर येतात. काट्याचा जुना व्होल्टमीटर लावला की काट्याची प्रत्येक झेप म्हणजे एक चमक. डिजिटल मीटरचे आकडे या वेगाला पुरत नाहीत, म्हणून अडगळीतला काट्याचा मीटर येथे उपयोगी पडतो.

फोर्डची चाचणी दोन टप्प्यांची आहे, एक इंजिन बंद ठेवून आणि दुसरी चालू ठेवून. पहिल्या टप्प्यात आधी या क्षणी असलेले दोष येतात, मग एकच सुटी झेप येते आणि त्यानंतर स्मृतीत साठलेले पूर्वीचे दोष येतात. ती सुटी झेप ही केवळ विभाजक रेघ असते. चाचणीआधी इंजिन पूर्ण तापलेले असावे. थंड इंजिनावर चाचणी घेतली तर शीतकाचे तापमान चाचणीच्या मर्यादेबाहेर असल्याचा २१ हा कोड येतो, आणि त्या एका क्रमांकापायी कित्येक चांगले सेन्सर कचऱ्यात गेले आहेत.

१६ पिनांच्या सॉकेटमध्ये जोडतार घालून कोड मिळतील का?

पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असल्याखेरीज घालू नये. त्या सॉकेटच्या १६ व्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा कायम असतो, चौथी आणि पाचवी पिन अर्थच्या आहेत आणि मधल्या अनेक पिना संदेशवहनाच्या आहेत. त्यामुळे चुकीची जोडणी झाल्यास फ्यूज उडाला तर नशीब चांगले म्हणायचे. रीडर लावूनही तो सुरू होत नसेल, तर चौथ्या आणि सोळाव्या पिनेत १२ व्होल्ट मिळतात का, ते मल्टिमीटरने पाहावे. मिळत नसतील तर बहुधा त्या सॉकेटचा फ्यूज गेलेला असतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो सिगारेट लायटरशी सामायिक असतो.

येथले कोड पाच चिन्हांचे असतात. पहिले अक्षर पी असेल तर तो इंजिन किंवा गिअरबॉक्सशी संबंधित आहे. त्यापुढे शून्य आल्यास अर्थ सर्व कंपन्यांत समान असतो आणि १ आल्यास तो कंपनीचा खासगी असतो. तिसरे चिन्ह विभाग सांगते: १ आणि २ इंधन व हवेसाठी, ३ इग्निशन व मिसफायरसाठी (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे), ४ उत्सर्जन नियंत्रणासाठी, ५ वेग व आयडलिंगसाठी, ६ खुद्द ईसीयूसाठी आणि ७ गिअरबॉक्ससाठी. उदाहरणार्थ पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तर पी०३०० म्हणजे तो कोणत्याही एका सिलिंडरपुरता नाही.

रीडर ‘फ्रीझ फ्रेम’ दाखवत असेल तर ती अवश्य उतरवून घ्यावी. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान आणि इंजिनावरचा भार किती होता, हे त्यात असते.

कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव आले, तो बदलला की काम झाले ना?

या प्रश्नाचे उत्तर मी एकदा पदरमोड करून शिकलो आहे. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ‘मिश्रण पातळ’ असल्याचे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचे सांगत होता, मी तो बदलला, आणि दोन दिवसांनी तोच कोड परत आला. कारण इनटेक मॅनिफोल्डमागची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागामागची, एक व्हॅक्यूमची नळी तडकली होती. ती न मोजलेली हवा आत घेत होती आणि जुना सेन्सर बिचारा खरेच सांगत होता.

मिश्रण पातळ असल्याच्या कोडमागे अशी गळती असू शकते, पेट्रोलचा दाब कमी असू शकतो, किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भेग पडून बाहेरची हवा आत शिरत असू शकते. आणखी एक फसवे कारण मिसफायरचे आहे. न जळलेल्या सिलिंडरमधले पेट्रोल वाया जाते हे खरे, पण त्यातला न वापरलेला ऑक्सिजनही सेन्सरपर्यंत पोहोचतो. सेन्सर ऑक्सिजनच मोजत असल्याने तो मिश्रण पातळ असल्याचा निर्वाळा देतो. प्लग खराब आणि कोड ऑक्सिजनचा, असे हे गणित असते. झिर्कोनिया या सिरॅमिक पदार्थाचा निरोगी ऑक्सिजन सेन्सर तापल्यावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत राहतो. तो एका टोकाला अडकला असेल तर इनटेकमध्ये थोडी हवा मुद्दाम सोडून किंवा थ्रॉटल झटकन उघडून त्याचे व्होल्टेज हलते का, ते पाहावे. हलले तर सेन्सर जिवंत आहे आणि दोष दुसरीकडे आहे.

शीतकाच्या तापमानाचा सेन्सर तपासण्याची रीत तर फारच सुटसुटीत आहे, आणि सुरुवात तिच्यापासून करावी असे मी सुचवेन. या सेन्सरचा रोध तापमान वाढले की घटतो. बहुतेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला तो सुमारे २ ते ४ हजार ओहम आणि ८० अंशांच्या आसपास २०० ते ४०० ओहम असतो. कनेक्टर काढला की ईसीयूला अनंत रोध, म्हणजे बर्फाहून थंड इंजिन दिसते. वायरीकडच्या कनेक्टरच्या दोन पिना जोडतारेने जोडल्या की शून्य रोध, म्हणजे उकळते इंजिन दिसते. समजा, जनरल मोटर्सच्या गाडीत १५ हा कोड आला आहे, जो व्होल्टेज जास्त म्हणजे तापमान अशक्य कमी असल्याचे सांगतो. कोड पुसून, कनेक्टरच्या पिना जोडून इंजिन काही वेळ चालवले आणि आता उलट अर्थाचा १४ आला, तर वायरी आणि ईसीयू दोन्ही ठणठणीत आहेत आणि सेन्सरच गेला आहे. पुन्हा १५ च आला, तर वायर कोठेतरी तुटली आहे आणि नवा सेन्सर आणून काहीही साधणार नाही. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे. थ्रॉटलच्या तीन वायरींच्या सेन्सरवर ती करू नये, कारण तेथे ५ व्होल्टचा पुरवठा थेट अर्थला जोडला जाण्याचा संभव असतो. थ्रॉटलसाठी मल्टिमीटर लावून पेडल सावकाश दाबावे. व्होल्टेज साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत सलग चढले पाहिजे, आणि मध्येच एखादी उडी किंवा खड्डा दिसला तर सेन्सरच्या आतली पट्टी झिजली आहे.

एकाच वेळी पाच-सहा कोड आले. कोणता आधी घ्यावा?

पाच-सहा सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. त्यांच्यात समान काय आहे, ते वायरींच्या आकृतीत शोधावे: तोच अर्थ, तोच फ्यूज किंवा तोच ५ व्होल्टचा पुरवठा. एका सेन्सरमध्ये आतून शॉर्ट झाला की तो सामायिक पुरवठा खाली ओढतो आणि निरपराध शेजाऱ्यांचेही कोड लागतात. अशा वेळी सेन्सर एकेक करून सोडावेत आणि पुरवठा ५ व्होल्टवर परत कधी उसळतो, ते पाहावे. मिसफायरचा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या धूर शुद्ध करणाऱ्या भागाचा, म्हणजे पी०४२०, असे दोन्ही कोड असतील तर मिसफायर आधी दुरुस्त करावा.

दिवा लागला आणि आपोआप विझला. आता कोड सापडेल का?

बहुधा सापडेल. ओबीडी-२ मध्ये गाडी सुरू करून चालवून बंद करण्याच्या सलग तीन फेऱ्यांत दोष आढळला नाही तर दिवा विझतो, पण कोड स्मृतीतून जायला साधारण ४० वेळा इंजिन थंड स्थितीतून तापावे लागते. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषासाठी इंजिन चालू ठेवून संशयित वायरी आणि कनेक्टर हलवावेत. आयडलिंग ज्या क्षणी डगमगते, तेथे हात थांबवावा.

गाडी बिघडली आहे, पण कोड एकही नाही. असे कसे?

ईसीयूला जे मोजता येत नाही, त्याचा कोड तो देऊ शकत नाही. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा दाब, सिलिंडरचे कॉम्प्रेशन, एक दात सरकलेला टायमिंग बेल्ट यांवर नजर ठेवणारे काहीच नसते आणि पहिल्या पिढीला मिसफायरही ओळखता येत नाही. तेथे पारंपरिक तपासणीला पर्याय नाही.

चालत्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर?

ओबीडी-२ च्या गाडीत याचा अर्थ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकील इतका तीव्र मिसफायर चालू आहे. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेट घेते. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, भार कमी करावा आणि सुरक्षित जागी थांबावे.

कोड पुसावेत कसे, आणि कधी?

कागदावर उतरवून घेतल्यानंतरच. दुरुस्तीआधी पुसलेला कोड म्हणजे फाडलेले पत्र असते. पहिल्या पिढीत ईसीयूच्या स्मृतीचा फ्यूज अर्धा-एक मिनिट काढून ठेवला की बहुतेक गाड्यांतले कोड जातात, टोयोटात हा ईएफआयचा फ्यूज असतो. बॅटरीची वायर काढली तरी तेच होते, पण रेडिओचा सांकेतिक क्रमांक आणि ईसीयूने शिकलेले आयडलिंगचे समायोजनही जाते, त्यामुळे पुढचे काही किलोमीटर गाडी जरा अवघडल्यासारखी चालते. फ्यूज काढताना आणि बसवताना चावी बंद असावी. पुसल्यावर ज्या परिस्थितीत दोष उद्भवला होता तशाच परिस्थितीत गाडी चालवून कोड पुन्हा वाचावेत. ओबीडी-२ चे काही दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत, म्हणून एका फेरीच्या शांततेवर भरवसा ठेवू नये.

याच पद्धतीने एअरबॅगचे कोडही वाचता येतील का?

काही गाड्यांत वाचता येतात, तरीही साध्या साधनांनी त्या वाटेला जाऊ नये. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवला की तो स्वतःचा प्रवाह सर्किटात सोडतो, आणि एअरबॅग फुलवणाऱ्या सुरुंगाला पेटायला अत्यल्प प्रवाह पुरतो. पिवळ्या कनेक्टरला जोडतार, मीटर किंवा टेस्ट लॅम्प यांपैकी काहीही लावू नये. डॅशबोर्डखाली हात घालून तपासणीचा सॉकेट शोधत असतानाही, हाती आलेली वायर कोणत्या रंगाची आहे ते विजेरीच्या उजेडात पाहूनच पुढे जावे.